अंगावरची साडी

जिजीनं कुणाला सरळ नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मंठ्याच्या आमच्या गल्लीत तिनं प्रत्येकाचं बारसं नव्यानं केलेलं होतं. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणजे ‘सुई’, समोरचे निवृत्त ग्रामसेवक म्हणजे ‘सही’, आणि त्यांची बायको जरा मोठ्यानं बोलायची म्हणून ती ‘भोंगा’. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तेव्हा जिजीच्या माडीवर भाड्यानं राहत होते. मला ती ‘मास्तरीण’ म्हणायची, म्हणजे मी स्वस्तात सुटले. तिच्या घरात सून आली त्या दिवशी मी दारातच उभी होते. माप ओलांडून झालं होतं, तांदूळ अजून उंबऱ्यात सांडलेले होते, आणि जिजी नव्या नवरीला म्हणाली, “ये पाहुणी.” सगळे हसले. नवरीही हसली. तिचं नाव रेणुका. पण त्या घरात होती तोवर जिजीच्या तोंडी ती पाहुणीच राहिली, आणि ही थट्टा नाही हे तिला कळायला फार उशीर झाला.

जिजी उंच आणि हाडकुळी होती. हात मात्र अंगाच्या मानानं मोठे, पुरुषासारखे. नऊवारी लुगडं, मोकळं कपाळ, तोंडात मिश्री. सकाळी अंगणात बसून ती मिश्री लावायची आणि तेवढ्यात गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेऊन टाकायची. नवरा लवकर गेला. दिरांशी भांडून तिनं आपल्या वाटणीचं शेत सोडवून घेतलं, ते बटईनं लावलं, गावात घर बांधलं आणि एकुलत्या एका मुलाला, बाळासाहेबाला, बाजारपेठेत खता-बियाण्यांचं दुकान टाकून दिलं. हे सगळं एकटीनं केलं, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. बाळासाहेब चांगला माणूस होता. चांगला म्हणजे असा की त्याचं कुणाशी वैर नव्हतं आणि कुणाच्या बाजूनं तो कधी उभाही राहिला नव्हता.

जिजीचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. अंगावर पिणारं लेकरू बाटलीला तोंड लावत नसेल तर ते तिच्याकडे आणायचे. आता बायका नोकरीला जातात, दुकानात उभ्या राहतात, परीक्षांना बसतात. रजा संपत येते आणि लेकरू बाटली बघितली की किंचाळून घर डोक्यावर घेतं. सगळ्यांचे सगळे उपाय करून झाले की कुणीतरी म्हणायचं, “जिजीकडं न्या.” आष्टीहूनसुद्धा बायका येत. जिजी कुणाकडून काही घ्यायची नाही. आलेल्या बाईला चार शब्द सुनावायची मोकळीक मिळाली की तिचं पोट भरायचं.

तिच्या देवळीत चांदीचं एक बोंडलं होतं, लेकराला दूध पाजायची चोच असलेली जुनी वाटी. ती कुणाला हात लावू देत नसे. बाळासाहेब त्याच्यावर वाढला होता. “मला दूधच आलं न्हाई,” हे ती अगदी कोरडेपणानं सांगायची. “सासू चार बायांत म्हणली, हिच्यापरीस भाकड म्हैस बरी. मंग दारात शेळी बांधली आन बोंडल्यानं पाजलं. आज बाळ्या कोणाला आई म्हंतो? शेळीला म्हंतो का?”

मग ठरलेलं वाक्य यायचं. “लेकरू आईचं नसतंय. हाताचं असतंय.”

माझी तनू तिच्याच हातानं बाटलीला लागली, हे सांगायलाच हवं. माझी रजा संपत आली होती आणि तनू बाटलीचं रबरी बूच जिभेनं असं ढकलून द्यायची की माझ्या आईनं हात टेकले होते. जिजी एका सकाळी माडीवर आली आणि आल्या आल्या मला म्हणाली, “तू भाईर व्हय.”

“मी आतल्या खोलीत बसते ना.”

“आतल्या खोलीत न्हाई, गल्लीच्या भाईर. तुझा वास हितं हाय तवर ती बाटलीकडं बघायची बी न्हाई. आन जाताना साडी दे.”

मी कपाटातून घडीची साडी काढून पुढे केली. तिनं ती माझ्या अंगावर परत टाकली. “धुतलेली नको. अंगावरची दे.”

मी साडी बदलून, अंगावरची तिच्या हातात देऊन, चपला घालून निघाले. भोंगाबाईंकडे चहा घेतला. परत आले तेव्हा जिजीनं लुगड्यावरून माझी साडी गुंडाळली होती. तनूला पाजायला घेतात तसं आडवं घेतलेलं नव्हतं. तिची पाठ स्वतःच्या पोटाला टेकवून, तोंड खिडकीकडे करून बसवलं होतं. मी वाटीत काढून ठेवलेलं दूध बाटलीत होतं आणि तनू ते गटागटा पीत होती.

“भुकेनं पिसाळलेलं लेकरू नवं काही घेत न्हाई,” जिजी मला शिकवू लागली. “पोट भरलेलं बी घेत न्हाई. आर्धी भूक पाहिजे. बूच कोमट पाण्यात बुडवायचं, वरच्या व्हटाला लावायचं आन गप बसायचं. आपण घालायचं न्हाई. तिनं घ्यायचं.”

माझे डोळे भरून आले. मी वाकून पाया पडणार, तेवढ्यात ती म्हणाली, “काहून रडून राह्यली? लेकरू सुटलं म्हणून का दूध वाया जाईन म्हणून?” मी वाकलेली तशीच सरळ झाले. जिजीचे उपकार असे असत. घ्यावे लागत, आणि घेतले की बोचत.

आष्टीच्या एका पोरीचं तर मला अजून आठवतं. नर्सिंगच्या शिक्षणासाठी ती जालन्याला राहणार होती. लेकरू आजीजवळ ठेवायचं होतं, म्हणून आजीच दोघांना घेऊन आली होती. जिजीनं नेहमीप्रमाणे पोरीला बाहेर काढलं, साडी घेतली. ती पोरगी बाजारात फिरून परत आली. दारातून तिनं लेकराला हाक मारली, पुन्हा मारली. लेकरू बाटलीत गुंग होतं. जिजी म्हणाली, “बघ, वळून बी बघितलं न्हाई. जा आता बिनघोर.” त्या पोरीच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. जिजी मात्र बघत होती, चवीनं बघत होती. इतक्या बायकांची लेकरं तिनं कशासाठी मांडीवर घेतली हे मला त्या दिवशी कळलं.

चोखणीचा मात्र तिला तिटकारा. कुणी लेकराच्या तोंडात ती रबरी चोखणी दिलेली दिसली की ती ओढून काढायची. “रिकामं चोखायची सवय लावू नका. मोठं झाल्यावर पुढारी व्हतंय,” म्हणायची. गल्ली हसायची. ती हसवायची छान, आणि म्हणूनच तिचं पुष्कळ खपून गेलं.

रेणुका वडीगोद्रीची. तिच्या वडिलांचं हायवेच्या कडेला चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं, त्यामुळे दहा माणसांशी बोलायची तिला सवय होती. लग्नानंतर ती दुकानात बाळासाहेबाला मदत करू लागली. कुठलं बियाणं कुणी नेलं, कुणाच्या शेताला काय लागलं, तिच्या तोंडपाठ असायचं. बाळासाहेब पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना ऐकू यायला लागला. मग दोघांचं ठरत आलं की जालन्याला दुकान टाकायचं आणि तिकडेच राहायचं. जिजीच्या कानावर हे रेणुकाला दिवस गेल्यावर आलं. तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. शेंगा संपेपर्यंत फोडत राहिली. नंतर मला जिन्यात अडवून म्हणाली, “मास्तरीण, लेकरू जिथं, बाप तिथं. बराबर का न्हाई?” मी म्हणाले, “बरोबर.” दुसरं काय म्हणणार.

मुलगा झाला. समर्थ नाव ठेवलं. रेणुका माहेरी बाळंतपण उरकून थंडी सरता सरता परत आली, आणि जिजी सुनेशी कधी नव्हे इतकी गोड वागू लागली. एका शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आले तर मागच्या पडवीत जिजी बसलेली, अंगावर रेणुकाची पोपटी, फुलाफुलांची साडी. लुगड्यावरूनच गुंडाळलेली. मला हसू फुटलं. तीही हसली. “काय बघती? नवरी दिसून राह्यले का?” मांडीवर समर्थ होता आणि त्याच्या तोंडात बाटली होती. डब्याचं दूध होतं. आत रेणुका गाढ झोपली होती.

नंतर रेणुकानंच मला कौतुकानं सांगितलं. “आत्याबाई म्हणल्या, तू जरा पड, तुझी झोप व्हईना. अंगावरची साडी दे, धुतलेली नको म्हणल्या. बाई, माझ्या आईनं बी एवढं केलं न्हाई.”

“नर्सबाईंनी काय सांगितलंय?”

“त्या म्हणल्या व्हत्या, सहा महिने वरचं दूध बिलकुल नको. पण दुपारी एकदाच तर देतात.”

मी तिला स्पष्ट सांगितलं की बाटली वाढली की अंगावरचं घटतं, आणि लेकराला सोप्याची सवय लागते. तिनं मान डोलावली. पण तिचीही बाजू समजून घ्या. ज्या सासूनं तिला नावानं हाक मारली नाही ती सासू तिची साडी अंगाला लावून बसत होती. एवढ्या मायेला कोण नाही म्हणेल? दुपारची बाटली सकाळचीही झाली. रेणुका पाजायला बसली की जिजी म्हणायची, “आत्ताच पिलंय ते. आता संध्याकाळी घे.”

वैशाखात रेणुकाचे वडील हॉटेलच्या पायरीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. निरोप आला तेव्हा रेणुका लेकराचे कपडे पिशवीत भरू लागली. जिजीनं पिशवी तिच्या हातातून घेतली. “येडी का तू? ह्या उन्हात लेकरू नेती? ते बाटली पितंय की. तू जा, बापाला बघ आन जल्दी ये. बाळ्या येईन घ्यायला.” बाळासाहेबानं तिला मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं. रेणुकानं जाताना समर्थचा मुका घेतला आणि मला वर बघून हात केला. मी ओट्याशी भांडी घासत होते, मीही हात केला.

तिला घ्यायला कुणी गेलं नाही. तिचा फोन बाळासाहेब उचलेना. ती भावाबरोबर दोनदा दारात आली तर दाराला आतून कडी, आणि जिजी खिडकीतून सांगायची, “बाळ्या घरी न्हाई. त्यो आला की बघू.” गल्लीत मात्र वेगळीच हवा पसरली. अंगावर पितं लेकरू टाकून सून माहेरी निघून गेली. हे वाक्य जिजीनं पहिल्यांदा सुईच्या दुकानात सोडलं, आणि ते आठवडी बाजार फिरून माझ्यापर्यंत शाळेत आलं. एक सहकारी बाई मला म्हणाली, “काय बाई एकेक आया असतात.” मी तिला खरं काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण लेकरू राहिलंच ना तिच्याशिवाय?” लेकरू राहिलं होतं. जिजी पोपटी साडी गुंडाळून बसायची आणि ते मजेत प्यायचं.

कोर्टाचं नाव निघालं, पण रेणुकाचा भाऊ म्हणाला की आधी बैठक बसवू, घरातलं घरात मिटवू. पेरण्या आटोपल्यावर बैठक ठरली, जिजीच्याच ओसरीवर. दोन्हीकडची वडीलधारी माणसं येणार होती. रेणुकाच्या आईनं निरोप पाठवला होता की पोरगी अजून दूध टिकवून आहे. आटू नये म्हणून हातानं काढून दारातल्या लिंबाच्या बुडाशी ओतते. हे ऐकून जिजीच्या मोठ्या दिरानं तोडगा काढला. हा जुना माणूस, जिजीशी त्याचं जन्माचं हाडवैर, त्यामुळे तो निवाडा करील तो निःपक्षपातीच असणार असं सगळ्यांना वाटलं. तो म्हणाला, “एवढं कशाला? पोरीला लेकराला पाजू द्या. लेकरू पिलं तर घेऊन जाईल. लेकराला आई कळतीच.”

मलाही वाटलं, बरं झालं. आता ती घेऊन जाईल.

बैठकीच्या दिवशी सकाळपासून समर्थ रडत होता. सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. मग ते रडणं किंचाळण्यावर गेलं, घसा बसल्यासारखं झालं. मी खाली गेले. जिजी पाट टाकून शांत बसली होती. स्वच्छ, कडक धुतलेलं लुगडं नेसलेली. बाटली भरून शेजारी ठेवलेली. आणि लेकरू पाळण्यात पिसाळलं होतं.

“जिजी, त्याला भूक लागलीय.”

“लागू दे की. आई येऊन राह्यली ना त्याची.”

भुकेनं पिसाळलेलं लेकरू नवं काही घेत नाही. तिनंच मला शिकवलेलं. मी पाळण्याकडे गेले तर तिनं माझं मनगट धरलं, त्या मोठ्या हातानं. “मास्तरीण, तू भाडोत्री हायस. वर जा.”

मी वर गेले नाही. ओसरीवर माणसं जमली होती, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले की लेकरू सकाळपासून उपाशी ठेवलंय, आधी त्याला थोडं पाजा, शांत होऊ द्या, मग आईकडे द्या. मोठे दीर माझ्याकडे बघून हसले. “मॅडम, उपाशी हाय ते तर चांगलंच हाय. उपाशी लेकरू आईला सोडंल का?” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात रेणुकाचा भाऊही होता.

रेणुका आली ती ओळखू येईना. तिच्या आईनं तिला ट्रंकेतली लग्नातली साडी नेसवली होती. जांभळी, जरीची, कडक. चार माणसांत पोरगी चांगल्या घरची दिसली पाहिजे. त्या साडीला डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा येत होता की ती आत आली तर आख्खी खोली त्या वासानं भरली. जिजीनं एकदा तो वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तिला हसू आलं नाही. ती फक्त थोडी सरकून बसली, जागा करून दिली.

आतल्या खोलीत आम्ही बायकाच होतो. दार लोटलेलं, पलीकडे पुरुष कान देऊन. रेणुकानं समर्थला घेतलं, पदराखाली घेतलं. त्यानं तोंड फिरवलं. तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं. तो पाठ ताणून, लाल होऊन, मुठी आवळून ओरडला. दूध त्याच्या गालावर सांडत होतं, जांभळ्या साडीवर ओघळत होतं, आणि तो तोंड उघडायचा ते फक्त रडायला. “बाळा, मी हाय रे. मी हाय,” ती म्हणत राहिली. किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. शेवटी बाहेरून कुणीतरी म्हणालं, “बस झालं, लेकरू मरंल.”

जिजी उठली. तिनं लेकरू घेतलं, पण लगेच बाटली दिली नाही. आधी खांद्यावर घेऊन फिरवलं, पाठीवरून हात फिरवत त्याचे हुंदके बसवले. मग पाटामागं ठेवलेली पोपटी साडी अंगावर ओढून घेतली, त्याला मांडीवर बसवलं आणि बूच वरच्या ओठाला लावून गप्प राहिली. त्यानं घेतलं. खोलीत फक्त त्याच्या गिळण्याचा आवाज राहिला. रेणुका भिंतीला टेकून बसली होती, पुढची साडी भिजून काळी पडलेली.

जिजी तिच्याकडे न बघता म्हणाली, “दूध असून काय करावं, पाहुणी? पिणारं पाहिजे.”

मी आजवर बरंच काही ऐकलंय, पण इतकं दुष्ट वाक्य ऐकलं नाही. मला जिजीचा तेव्हा राग आला आणि अजून आहे. तनूला पाजलेल्या दुधाची फेड म्हणून मी तो कमी करणार नाही. महिनाअखेरीला मी ती माडी सोडली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले.

लेकरू जिजीकडेच राहिलं आणि फारकत झाली. बाळासाहेबाचं दुसरं लग्न झालं. ह्या सुनेचं नाव मनीषा. ही जरा वेगळी निघाली. तिला गल्लीनं सगळं आधीच सांगून ठेवलेलं होतं. तिला मुलगी झाली तेव्हा अंगावरची साडी उतरवली की ती लगेच बादलीत बुडवायची, आणि घडीच्या साड्या ट्रंकेत कुलपात. जिजीनं एकदा बाटली विकत आणली तर मनीषानं ती सरळ उकिरड्यावर टाकली. आणि मुलगी रांगायला लागली तेव्हा तिनं बाळासाहेबाला घेऊन जालना गाठलं. दुकान टाकलं, घर केलं, रेणुकानं ठरवलं होतं तसंच सगळं. समर्थला ठेवून गेले. तो जिजीशिवाय राहत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

म्हणजे लेकरू मंठ्यात राहिलं आणि बाप गेला. ज्याच्यासाठी एवढं केलं तोच हातचा गेला. जिजीचं यावर काय म्हणणं ते मी विचारलं नाही. पण तिनं समर्थची बाटली कधी सोडवली नाही. तो पळायला लागला, बोलायला लागला, अंगणवाडीत जायला लागला, तरी बाटली तोंडात. पुढचे दात काळे पडले. अंगणवाडीच्या बाईनं टोकलं तर जिजी म्हणाली, “तुझ्या घरचं दूध पितंय का?” तो तिच्या लुगड्याचा पदर नाकाशी धरून बाटली ओढायचा, आणि बाजारातून जाताना ती त्याला तसाच धरून चालायची. अंगणात आता तिला हजेरी द्यायला कुणी थांबत नव्हतं. सही वारले होते, भोंगाबाई मुलाकडे गेल्या होत्या.

गेल्या वर्षी जिजीला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समर्थ शेजारच्या घरी रडत गेला, म्हणून कळलं. बाळासाहेब-मनीषा आले. जिजीला जालन्याला न्यायचं ठरलं. मनीषानं स्वच्छ सांगितलं की म्हातारीचं मी करीन, पण तो मुलगा मी सांभाळणार नाही, जिचा आहे तिला द्या. बाळासाहेबानं इतक्या वर्षांनी रेणुकाला फोन केला.

मी त्या दिवशी जिजीला बघायला गेले होते. तिची खाट ओसरीवर आणलेली, गाडी यायची होती. रेणुका आली. साधी सुती साडी, हाताला तेल-तिखटाचे डाग. बापाचं हॉटेल आता तीच चालवते. समर्थ खाटेचा पाय धरून बसला होता, तोंडात बाटली. त्यानं तिच्याकडे बघितलं, जसं कुणाही पाहुण्याकडे बघतात.

तिचा भाऊ म्हणाला, “उचल न चल.”

“नको. त्यानं यायचं,” रेणुका म्हणाली आणि जमिनीवर बसली. ती बसून राहिली. तो खाटेखाली सरकला. मग ती उठली आणि मनीषाला म्हणाली, “आत्याबाईंच्या अंगावरचं लुगडं द्या.”

मनीषा दोरीवरचं वाळलेलं घेऊन आली.

“धुतलेलं नको.”

मनीषाला क्षणभर कळलं नाही. मग तिनं मान हलवली. गाडीत न्यायचं म्हणजे म्हातारीला गाऊन घालावाच लागणार होता. आम्ही आडवी चादर धरली. रेणुका-मनीषा दोघींनी जिजीला कुशीवर केलं, लुगडं सोडवलं. पदराचं टोक जिजीच्या डाव्या मुठीत होतं. ती सोडीना. तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता आणि डोळे रेणुकावर. मनीषानं एकेक बोट उघडलं. रेणुकानं तिला मदत केली नाही, घाईही केली नाही. त्या वेळी मला रेणुकाचीसुद्धा भीती वाटली.

तिनं ते मळकं लुगडं आपल्या साडीवरून गुंडाळून घेतलं, पदर डोक्यावर घेतला आणि पुन्हा खाली बसली. चादर बाजूला झाली. समर्थनं खाटेवर बघितलं. तिथं फुलाफुलांचा गाऊन घातलेलं कुणीतरी पडलं होतं. मग त्यानं रेणुकाकडे बघितलं. तो सरकत सरकत आला, पदराचं टोक नाकाशी धरलं आणि तिच्या मांडीवर पाठ टेकून बसला. त्याच्या हातातली बाटली निसटली होती ती तिनं उचलली, वरच्या ओठाला लावली आणि थांबली. तोंडाकडे न बघता ती समोर भिंतीकडे बघत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसत नव्हती.

ती त्याला घेऊन रिक्षात बसली. समर्थनं वळून पाहिलं नाही.

जिजीनं मान कशीबशी खांद्याकडे वळवली आणि अंगावरच्या गाऊनचा वास घेतला. मनीषाचा होता, स्वच्छ धुतलेला. मनीषानं पेजेचा चमचा भरून तिच्या ओठाशी नेला.

जिजीनं तोंड फिरवलं.